चवीचा टोमॅटो आपल्या वाफ्यात घडवताना

सीझनमध्ये नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभं राहिलं की वीस किलोच्या कॅरेटांच्या थप्प्या गाडीत चढताना दिसतात. माल लालभडक, एकसारखा, टणक. शेकडो किलोमीटर गेला तरी दबत नाही. शेतकऱ्याला हेच लागतं आणि त्यात गैर काही नाही. पण त्यातलाच एक टोमॅटो चिरून मीठ न लावता खाल्ला, तर पाणी आणि थोडा आंबटपणा याखेरीज तोंडात काही राहत नाही. परसात मोरीच्या पाण्यावर आपोआप उगवलेलं गावठी टमाटं ज्यांनी खाल्लंय त्यांना हा फरक सलतो. मला सलला, म्हणून मी संकर करायला लागलो.

टोमॅटो त्यासाठी फार सोयीचं पीक आहे. फूल स्वतःच्याच परागानं फळतं, एका फळात भरपूर बी मिळतं आणि आपल्या हवेत वर्षाला दोन पिढ्या सहज निघतात. लागतं ते असं: बारीक टोकाचा चिमटा, दागिन्याच्या दुकानात मिळणाऱ्या दोरीच्या चिठ्ठ्या, रसाची गोडी मोजणारं ब्रिक्स मीटर, पेन्सिल आणि एक जाड वही. अर्धा गुंठा जमीन असली तरी पुरते.

गोडी कशात असते

पिकलेल्या टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं. उरलेल्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा जवळजवळ सारख्या प्रमाणात, सायट्रिक आम्ल बरंच, मॅलिक आम्ल थोडं, आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात वासाची द्रव्यं. हा वासच टोमॅटोला टोमॅटो बनवतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली यांच्या गटानं २०१७ मध्ये ३९८ वाणांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. फळ मोठं होत गेलं तशी साखर कमी होत गेली, आणि आधुनिक वाणांत वासाची कित्येक द्रव्यं घटली. यातली काही द्रव्यं अशी आहेत की ती असली तर साखर तेवढीच असूनही जिभेला फळ जास्त गोड लागतं. म्हणून नुसत्या साखरेच्या आकड्यामागे धावणारा फसतो. हे मी अनुभवानं सांगतो. माझी पहिली निवड आकड्यानं उत्तम होती आणि खायला मात्र साखरपाण्यासारखी सपक.

आणखी एक धागा सहज हाती येतो. जुन्या वाणांच्या कच्च्या फळाचे खांदे, म्हणजे देठाजवळचा भाग, गडद हिरवे असतात. फळ एकसारखं रंगावं म्हणून पैदासकारांनी ज्यांचं कच्चं फळ सगळीकडे फिकट हिरवं असतं अशी झाडं निवडली. २०१२ मध्ये कळलं की या निवडीत एक जनुक निकामी झालेलं आहे आणि त्यामुळे फळातलं हरितद्रव्य कमी होऊन साखरही थोडी घटते. गडद खांद्याचा गुण प्रभावी आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. कडक उन्हात असे खांदे पिवळे आणि कडक राहतात, हा त्याचा तोटा. घरी खायच्या टोमॅटोत मी तो आनंदानं पत्करतो.

संकराआधी मोजायला शिका

नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागायतदार वापरतात तेच ० ते ३२ अंशांचं ब्रिक्स मीटर चालतं. तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारं घ्या. दर वेळी आधी काचेवर शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवा. १ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १ ग्रॅम विरघळलेला घन पदार्थ. टोमॅटोत त्यातली निम्म्याहून थोडी जास्त साखर असते, बाकी आम्लं आणि क्षार. बाजारातला साधा संकरित टोमॅटो ४ ते ५ दाखवतो, चांगला चेरी टोमॅटो ७ ते ९.

फळाचं देठाकडचं टोक आणि खालचं टोक यांत फरक पडतो, म्हणून उभं कापा. गर आणि बियांभोवतीचा बुळबुळीत रस दोन्ही मलमलीतून एकत्र पिळा. गरात साखर जास्त, बुळबुळीत रसात आम्ल जास्त. एकच भाग घेतला तर आकडा खोटा येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जपानमध्ये कोची प्रांतात तोकुतानी नावाचा टोमॅटो प्रसिद्ध आहे. १९७० च्या वादळात समुद्राचं पाणी शेतात शिरलं, जमीन खारावली, आणि त्या जमिनीत आलेली फळं लहान पण कमालीची गोड निघाली. झाडाला पाणी ओढता येईना, म्हणून फळात पाणी कमी आणि साखर दाट. ही गोडी जमिनीची होती, बियांत ती उतरत नाही. आपल्या वाफ्यात नेमकं हेच रोज घडत असतं. ठिबकचा एक ड्रीपर तुंबला की त्या झाडाचा ब्रिक्स वाढतो. कडेच्या झाडाला ऊन जास्त मिळतं, त्याचा वाढतो. पाच-सहाच फळं धरलेल्या झाडाचा वाढतो, कारण सगळी साखर तेवढ्यांनाच मिळते. करप्यानं पानं गेलेल्या झाडाचा घटतो. पाऊस पडून गेला की सगळ्यांचाच घटतो. आपल्याला हवी ती बियांतून पुढे जाणारी गोडी, आणि ती या सगळ्या गोंगाटातून ऐकायची आहे.

त्यासाठी माझे नियम असे. सगळ्या झाडांना एकाच लाइनचं सारखं पाणी, मोजणीच्या आठवड्यात त्यात बदल नाही. कडेची झाडं मोजायची नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं, पूर्ण रंग आल्यावर दोन दिवसांनी तोडलेलं फळ घ्यायचं. झाडामागे निदान तीन फळं, वेगवेगळ्या दिवशी, पण सकाळी त्याच वेळेला. आणि दर दहा झाडांमागे आई-बापांचं एकेक रोप लावायचं. बाप तिथे ८ दाखवत असेल आणि शेजारचं झाड ७.५, तर तो आकडा खरा. बापच त्या कोपऱ्यात ९.५ दाखवायला लागला तर कोपऱ्यात काहीतरी वेगळं आहे असं समजायचं. आकड्याशेजारी झाडावरच्या फळांची संख्याही लिहा. चाळीस फळं घेऊन ७ ब्रिक्स देणारं झाड सहा फळं घेऊन ८.५ देणाऱ्यापेक्षा माझ्या लेखी कितीतरी वरचं.

आई-बाप

काय हवं ते एका ओळीत लिहून ठेवा. माझी ओळ होती: तीस-चाळीस ग्रॅमचं फळ, ब्रिक्स ७ च्या आसपास, आंबटगोड, आणि बोकड्याला, म्हणजे पानं मुरडणाऱ्या लीफ कर्ल रोगाला, लगेच बळी न पडणारं झाड. शंभर ग्रॅमचं फळ आणि चेरीची गोडी दोन्ही एकाच झाडावर मागितलं तर बरीच वर्षं जातील. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये साखर अडवून धरणारी दोन जनुकं बंद करून, फळ लहान न होता साखर ३० टक्क्यांपर्यंत वाढवून दाखवली. म्हणजे ही गाठ सुटू शकते. पण ते जनुकसंपादनाचं काम आहे, चिमट्याचं नाही.

एका बाजूला गोडीचा धनी घ्या. जपानच्या तोकिता कंपनीचा नारिंगी 'सनगोल्ड' १९९२ पासून चवीसाठी नावाजलेला आहे. दिल्लीच्या पुसा संस्थेचा 'पुसा चेरी टोमॅटो-१' आहे. किंवा तुमच्याच परसातलं लहान, गोड टमाटं. दुसऱ्या बाजूला आपल्या हवेत टिकणारं, मोठ्या फळाचं झाड: राहुरीच्या विद्यापीठाचे 'धनश्री' आणि 'भाग्यश्री', बंगळुरूच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेचा 'अर्का विकास', किंवा लीफ कर्लला दाद न देणारा तिथलाच संकरित 'अर्का रक्षक'. सनगोल्ड आणि अर्का रक्षक संकरित आहेत, त्यामुळे त्यांची पिल्लं पहिल्याच पिढीत वेगवेगळी निघतात. ते चालतं, फक्त मग पहिल्या पिढीत तीन-चार रोपांऐवजी पंधरा-वीस लावावी लागतात आणि तिथेच निवड सुरू होते.

रानटी नातेवाइकांचा मोह सुरुवातीला टाळा. १९६२ मध्ये पेरूत ह्यू इल्टिस आणि डोनाल्ड युजेंट यांना एक हिरव्या, लहान फळांचं रानटी टोमॅटो सापडलं. त्याचं बी कॅलिफोर्नियात चार्ल्स रिक यांच्याकडे गेलं, आणि त्यातून शेतातल्या टोमॅटोचे घन पदार्थ वाढवता आले. पण त्यासाठी रिक यांनी पुन्हा पुन्हा शेतातल्या वाणाशी संकर करत अनेक वर्षं घालवली, कारण गोडीबरोबर कडवटपणा, बारीक फळ असं बरंच नकोसं चिकटून येतं.

आई कुणाला करायचं? मोठ्या फळाच्या झाडाला. फूल मोठं असतं, हात बसतो, बी जास्त मिळतं. आणि जमलं तर आईकडे एखादा दबणारा गुण, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, असू द्या: बटाट्यासारखं अखंड कडेचं पान किंवा पिवळं फळ. बटाटापानी आईच्या बियांतून साध्या कातरलेल्या पानाचं रोप उगवलं तर संकर झाला. बटाटापानी उगवलं तर तुमचा चिमटा उशिरा पोचला आणि आईनं स्वतःचंच बी धरलं. ट्रेमध्ये, वीस दिवसांत, फुकटात कळतं.

प्रत्यक्ष संकर

नोव्हेंबर ते जानेवारी हा आपल्याकडचा उत्तम काळ. दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं की पराग निकामी व्हायला लागतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये श्रम वाया जातात.

१. उद्या सकाळी उमलेल अशी कळी शोधा. पाकळ्या फिकट पिवळ्या, टोकाशी किंचित सुटलेल्या, पण मिटलेल्या. पाकळ्या गडद पिवळ्या होऊन मागे वळल्या असतील तर ते फूल सोडा, त्याचं परागण झालेलं आहे. त्या घोसातली उमललेली फुलं आणि फार लहान कळ्या खुडून टाका. दोन-तीन कळ्या पुरे.

२. चिमट्याचं टोक पुंकेसरांच्या शंकूत बाजूनं हलकं घाला आणि शंकू पाकळ्यांसकट वर ओढा. सगळं एकत्र निघून येतं आणि मधे हिरवी सुईसारखी कुक्षीवृंताची काडी एकटी उभी राहते. तिला धक्का लागला तर ती कळी गेली. पहिल्या दिवशी दहातल्या सात जातात, नंतर हात बसतो. दुसऱ्या झाडाकडे जाण्याआधी चिमटा स्पिरिटनं पुसा.

३. हिरव्या निदलांपैकी दोन-तीन अर्ध्यावर कापा. चिठ्ठी गळून पडली तरी तोकड्या निदलांवरून संकराचं फळ ओळखू येतं. एका वर्षी वाऱ्यानं माझ्या सगळ्या चिठ्ठ्या नेल्या होत्या. या खुणेवर ते वर्ष वाचलं.

४. बापाचं पूर्ण उमललेलं फूल सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, दव उडाल्यावर घ्या. देठाला चालू इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ टेकवा आणि खाली काळा चमचा धरा. पिवळसर पांढरी पूड पडताना दिसते. बोटाच्या टोकानं ती कुक्षीला लावा. कुक्षी चकचकीत, चिकट दिसत असेल तर वेळ बरोबर. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा लावा.

५. चिठ्ठीवर पेन्सिलनं आई, मग गुणिलेची खूण, मग बाप आणि तारीख. शाई उन्हात उडते.

चार-पाच दिवसांत अंडाशय फुगायला लागतो. साधारण दीड महिन्यानं फळ पिकतं.

पहिली पिढी, दुसरी पिढी

पहिल्या पिढीत फळाचं वजन मधोमध येत नाही, लहान फळाकडे झुकतं. ढोबळ हिशोब असा: दोन वजनांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. १० ग्रॅमची चेरी आणि ९० ग्रॅमचं टमाटं यांचं फळ ३० ग्रॅमच्या आसपास. इथे निराश होऊ नका आणि हुरळूनही जाऊ नका. या पिढीकडून फक्त बी घ्यायचं.

खरी जत्रा दुसऱ्या पिढीत भरते. आई-बापांचे सगळे गुण सुटे होऊन नव्यानं जुळतात. शेजारी शेजारी उभ्या दोन झाडांची फळं एकमेकांची कुणी लागत नाहीत. इथे संख्या लागते. एक दबणारा गुण चारात एका झाडावर दिसतो, दोन हवे असतील तर सोळात एका, तीन हवे असतील तर चौसष्टात एका. सोळातलं एक ९५ टक्के खात्रीनं सापडायला ४७ झाडं लावावी लागतात, चौसष्टातलं सापडायला १९१. गोडी तर एका जनुकाचा गुण नाही, बरीच जनुकं थोडा थोडा हात लावतात. म्हणून शंभर झाडं धरा. ९० बाय ४५ सेंटिमीटरवर ती अर्ध्या गुंठ्यातही बसतात. पानावरचे गुण ट्रेमध्येच दिसतात; नको ती रोपं तिथेच काढली तर दोनशे उगवून शंभर लावता येतात.

रोपं बारीक जाळीखाली वाढवा. पांढऱ्या माशीनं लहानपणीच बोकड्या दिला तर त्या झाडाच्या चवीबद्दल काहीच कळत नाही. लागण झालेलं झाड उपटताना हात आखडतो, पण उपटा. शेजारी धडधाकट उभं राहिलेलं झाड वहीत ठळक करा.

शंभरातून सहा ते आठ निवडायची. क्रम असा ठेवा: आधी झाड निरोगी आणि फळाला बरं, मग फळाचा आकार, मग ब्रिक्स, शेवटी चव. मी आधी उलट करत होतो आणि रोगट पण गोड झाडांच्या मागे दोन हंगाम घालवले.

चाखणं

घरातली पाच-सहा माणसं, पांढऱ्या वाट्या, वाटीवर फक्त आकडा. कुणाचं झाड कुठलं हे चाखणाऱ्याला कळू देऊ नका, अगदी स्वतःलाही नाही. वाट्या दुसऱ्या कुणाला भरायला सांगा. फळं फ्रिजमध्ये ठेवलेली नसावीत, १२ अंशांच्या खाली वास मरतो. मीठ नाही. एका वेळी सहापेक्षा जास्त वाट्या नकोत, मध्ये पाण्याची चूळ. गोडी, आंबटपणा, वास आणि 'पुन्हा घ्यावंसं वाटतं का' या चारांना पाचपैकी गुण. सहा वाट्यांत एक वाटी दोनदा ठेवा, वेगळ्या आकड्यानं. दोन्हींना सारखे गुण न देणाऱ्याचं मत त्या दिवसापुरतं बाजूला ठेवा. आमच्या घरात सगळ्यात भरवशाची जीभ सासूबाईंची निघाली. कोशिंबिरीसाठी कुठला आणि सारासाठी कुठला हे त्या न विचारता सांगतात.

आम्लाचा आकडाही हवा असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीनं मिळतो. १० मिली गाळलेला रस पाण्यानं पातळ करा, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका, आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं, गुलाबी रंग टिकेपर्यंत. लागलेले मिली गुणिले ०.०६४ म्हणजे सायट्रिक आम्लाची टक्केवारी. ७ मिली लागलं तर ०.४५ टक्के. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. ब्रिक्स ७ आणि आम्ल ०.२५ असलेलं फळ मिळमिळीत लागतं. तोच ब्रिक्स ०.४५-०.५ आम्लाबरोबर जिभेवर नाचतो.

तिसरीपासून सहावीपर्यंत

दुसऱ्या पिढीत, आई-बापांत जिथे फरक होता त्यातल्या निम्म्या जागा अजून मिश्र असतात. दर पिढीला त्या अर्ध्या होतात: तिसरीत २५ टक्के, चौथीत १२.५, सहावीत ३ च्या जवळ. सहावीनंतर बी पेरलं की तेच झाड येतं असं म्हणायला हरकत नाही.

आपल्या हवामानात याचं वेळापत्रक छान बसतं. डिसेंबरात संकर. जूनमध्ये पहिली पिढी, ऑक्टोबरात दुसरी, पुढच्या जूनमध्ये तिसरी, असं चालत तिसऱ्या हिवाळ्यात सहावी पिढी हातात येते. पावसाळ्यातल्या पिढीत ब्रिक्स मोजून निवड करू नका, पाण्यानं सगळे आकडे पातळ होतात. पावसाळा रोग पाहण्यासाठी वापरायचा: जे झाड करप्यात तग धरतं त्याचं बी घ्यायचं. गोडीची निवड हिवाळ्यात, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या पिढीत.

तिसऱ्या पिढीपासून प्रत्येक निवडलेल्या झाडाची वेगळी ओळ लावा, ओळीत आठ-दहा रोपं. आता एकट्या झाडाच्या आकड्यापेक्षा ओळीच्या सरासरीला किंमत द्या. दुसऱ्या पिढीत ८.२ दाखवलेल्या झाडाची नातवंडं चौथ्या पिढीत, हिवाळ्यात, सरासरी ६ वर आली तर ती गोडी त्या झाडाच्या जागेची होती; ओळ बंद करा. ६.९ च्या झाडाची नातवंडं ६.८ वर टिकली तर तिथे खरं धन आहे. चौथ्या पिढीनंतर दोन-तीन ओळीच ठेवा, नाहीतर वही आणि वाफा दोन्ही हाताबाहेर जातात.

बी

टोमॅटोत परकं परागण कमी होतं, पण ज्या झाडांची कुक्षी शंकूच्या बाहेर डोकावते त्यांत मधमाशा घोटाळा करतात, आणि चेरीच्या बाजूच्या झाडांत हे बरंच दिसतं. बियांसाठीच्या घोसावर फुलं उमलायच्या आधी पातळ जाळीची पिशवी बांधा, फळ धरलं की काढा.

पूर्ण पिकलेल्या फळाचा बुळबुळीत रस बियांसकट काचेच्या भांड्यात एक ते दोन दिवस आंबू द्या. उन्हाळ्यात एकच दिवस, नाहीतर बी तिथेच मोड काढतं. वर साय आली की पाणी ओतून ढवळा, पोकळ बी तरंगतं ते टाका. जड बी धुऊन स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर चिकटून बसतं. पाकिटावर पिढी, ओळ, झाडाचा नंबर, ब्रिक्स, फळांची संख्या आणि तारीख, सगळं. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी. चार-पाच वर्षं चांगलं उगवतं.

कायद्याची काळजी कुणी विचारतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात नोंदणी झालेला वाण नवा वाण घडवायला वापरण्याची मुभा आहे, आणि शेतकऱ्याला आपलं बी ठेवता, पेरता, बदलता, विकताही येतं. फक्त नोंदणीकृत वाणाचं ब्रँड लावलेलं बी विकता येत नाही.

सहावी पिढी झाली की बियांची तीन-चार पाकिटं वेगळ्या जमिनीत द्या: एक काळ्या मातीत, एक मुरमाड जागी, एक कुणाच्या गच्चीवरच्या कुंडीत. प्रत्येकाला सोबत बाजारातल्या वाणाचं एक रोप लावायला सांगा आणि हिवाळ्यात मीटर घेऊन स्वतः जा. काळ्या मातीत ५.८ आणि मुरमाड जागी ७.४ आला, पण दोन्हीकडे शेजारच्या रोपापेक्षा तो दीड-दोनानं वरच राहिला, तर त्या वाणाला नाव ठेवायला घ्या.